असं म्हणतात की चंपतराव

साहेबांनी टेबलावरून सरकवलेला कागद शरदचंद्रानं उभ्याउभ्याच वाचला आणि त्याला वाटलं, हे वाक्य आपण कुठंतरी पाहिलंय. मग ध्यानात आलं, पाहिलं कुठलं, आपणच केलंय. त्यानं टेबलाची कड धरली. कागद इंग्रजीत, टाइप केलेला, खाली सही कुणाची नाही. 'असं म्हणतात की ह्या कचेरीतले अहलकार चंपतराव पैनगंगेच्या काठी भरलेल्या सभेत मोठ्या आवाजात बोलले.' इंग्रजीत त्याची सुरुवात इट इज सेड दॅट आणि शेवट इन अ लाउड व्हॉइस, शब्दाला शब्द तसाच. साहेब मद्रासकडचे, पोलीस ॲक्शननंतर इकडे आलेले. उर्दू त्यांना वाचता येत नव्हतं आणि मराठी कानावर पडली की ते खिडकीबाहेर बघायचे. "तुम्हारा इंग्लिश अच्छा है," ते म्हणाले. "लंच के बाद चंपतराव को बुलाएंगे. ये उसको तुम पढ़के सुनाना. बाकी लोगों का उच्चार हमको समझता नहीं." शरदचंद्र "येस सर" म्हणाला. आपल्या तोंडून आवाज निघाला ह्याचंच त्याला नवल वाटलं. बाहेर व्हरांड्यात जैनथहून आलेले चार शेतकरी उकिडवे बसले होते, त्यातल्या एकानं त्याला रामराम केला, आणि त्याला वाटलं, ह्याला माहीत आहे.

माहीत असायला काय हरकत होती? दिवसच तसे होते. निजामाचं राज्य मोडलं, मग हैदराबादचं स्टेट झालं, आणि आता तेही मोडून त्याचे तुकडे कुणाकुणाला द्यायचे ह्याची बोलणी दिल्लीत चालली होती. हे आदिलाबाद तेलुगूवाल्यांत जाणार हे जवळपास ठरलं होतं, पण नदीकाठच्या गावांतून सभा भरत होत्या, आम्ही मराठी, आम्हाला पलीकडे जाऊ द्या. सरकारी नोकरानं सभेच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, राहिला तर नोकरीवर पाणी सोडावं, असा हुकूम भिंतीवर डकवला होता. कचेरीतली माणसं एकमेकांशी बोलायची बंदच झाली होती म्हणा ना. आधी पानाचा डबा या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा, आता जो तो आपलं पान घरून खाऊन यायचा. शरदचंद्राचा सगळा जन्म ह्या गावात गेला, आजोबा इथेच मुन्शी होते, घरी मराठी, शाळेत उर्दू, बाजारात तेलुगू, आणि कधी कुणी विचारलं नव्हतं की तू कुणाचा. आता रस्त्यानं जाताना त्याला वाटायचं, विचारणार आहे, समोरून येणारा तो माणूस जवळ आला की विचारणार आहे. तो माणूस जवळ यायचा, छत्री सावरायचा आणि पुढे जायचा.

इंग्रजी त्यानं शिकायला घेतलं तेही भीतीपोटीच. उर्दूवाले अहलकार, म्हणजे आपल्यासारखे कारकून, उद्या काय करणार, भुईमूग फोडणार? मावला गावाच्या वाटेवर भगवंतराव मास्तर राहायचे, यवतमाळकडचे, हायस्कुलातून निवृत्त झालेले. त्यांच्या ओसरीवर संध्याकाळी कचेरीतली पाचसहा मंडळी पोरांसारखी मांडी घालून बसायची आणि मास्तर फळ्यावर लिहायचे. मास्तरांना विडीची तलफ आणि व्याकरणाचा शौक, दोन्ही सारखेच. "निजामाच्या कचेरीत तुमी काय लिहत होते? फिदवी अर्ज करते, कमतरीननं पाह्यलं. म्हनजे लिहनारा तिथं हात जोडून उभा हाये. इंग्रजीत तसं चालत नाही. इंग्रजीत लिहनारा दिसलाच नाही पायजे. इट इज सेड. इट इज फाउंड. इट इज ऑर्डर्ड." शरदचंद्रानं विचारलं होतं, "पण मास्तर, हा इट कोण?" मास्तर इतके हसले की ठसका लागला. "कोनी नाही! ह्या इटले माय नाही का बाप नाही. पुसाले गेलं तर घरी सापडत नाही. पन शरदराव, अख्ख्या हिंदुस्थानचं सरकारी काम हाच करून राह्यला." मंडळी हसली. शरदचंद्रही हसला, पण त्या रात्री जेवताना घास तोंडात फिरत राहिला. वनमालेनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, भाजी खारट झाली का. तो नाही म्हणाला.

ती भीती त्याच्या ओळखीची होती. लहानपणी जैनथला मावशीकडे जायचा तेव्हा दिवेलागणीला एकदम ओरडा व्हायचा, "निघालं! निघालं!" काय निघालं ते कुणी सांगायचं नाही. तिन्हीसांजेला त्याचं नाव घ्यायचं नसतं, घेतलं की ते येतं. बायका पोरांना उचलून बाजेवर टाकायच्या, बाप्ये काठ्या घेऊन धावायचे, आणि बाजेवर पाय पोटाशी घेऊन बसलेला शरद अंधारातल्या त्या शब्दाकडे बघत राहायचा. साप दिसला तर त्याला तेवढं भय वाटायचं नाही. एकदा मारलेला साप काकांनी काठीवर आणून दाखवला, तर हातभरसुद्धा नव्हता. पण 'निघालं' मात्र घरभर असायचं, रांजणामागे, गोवऱ्यांत, गादीखाली. मावशी म्हणायची, नाव घेऊ नको रे बाळा. सकाळी तीच मावशी निर्धास्त रांजणात हात घालायची, आणि तो लांब उभा राहून बघायचा.

आणि सभेला कोण गेलं होतं? तोच गेला होता. दुसरं कोण! मावशीला बघायला म्हणून सुट्टीच्या दिवशी बसनं जैनथला गेला, मावशी म्हणाली नदीवर काय तरी हाये, सगळे गेले, तर तोही पाय मोकळे करायला म्हणून गेला. असं त्यानं स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं. वाळूत माणसं बसली होती, कापसाच्या गाड्या सोडलेल्या, पलीकडच्या काठावर वऱ्हाडातली माणसं गुरं पाजत होती आणि त्यांच्या हाकाही आपल्याच बोलीत ऐकू येत होत्या. कुणीतरी गाडीवर उभं राहून बोलत होतं. ऐकताना शरदचंद्राला आजोबा आठवले, त्यांची मोडीतली टिपणं आठवली, मुलगी आता शाळेतून येऊन तेलुगूत उजळणी म्हणते ते आठवलं. मग गाडीवरचा माणूस म्हणाला, ज्याले नदीच्या त्या पार राहाचं हाये त्यानं हात वर करा. शरदचंद्रानं वर बघितलं तर उन्हानं रापलेल्या, चिकानं काळ्या झालेल्या शेकडो हातांत एक गोरा हात होता, पांढऱ्या बाहीचा, मनगटावर घड्याळ असलेला. तो त्याचाच होता. त्यानं तो खाली ओढला, पण बघणाऱ्यानं बघितलं असलं तर बघितलंच होतं. त्या दिवसापासून तो घड्याळ खिशात ठेवू लागला. वनमालेनं विचारलं तर म्हणाला, पट्टा सैल झालाय.

पुढच्या संध्याकाळी मास्तरांनी प्रत्येकाला एकेक वाक्य करायला सांगितलं, असं म्हणतात की अमुक, असं म्हणतात की तमुक. पलीकडच्या टेबलावरचा उद्धवराव उठला आणि म्हणाला, असं म्हणतात की कचेरीतला एक जण नदीवरच्या सभेला गेला होता. असं म्हणून त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. कदाचित सहज फिरवली असेल, पण शरदचंद्राला ती आपल्यावर थांबल्यासारखी वाटली. पुढचा नंबर त्याचा. तो उठला, आणि कुठून सुचलं देव जाणे, त्यानं घडाघडा वाक्य म्हटलं, चंपतरावांचं, मोठ्या आवाजात बोलल्याचं. क्षणभर कुणाला कळेना, मग ओसरी अशी काही खदखदली की मास्तरांच्या हातून विडी पडली. कारण चंपतराव! अहो, ज्या माणसाचा आवाज ऐकायला समोरच्या शेतकऱ्याला टेबलावर वाकावं लागायचं तो चंपतराव! दिवे लागायच्या आत घरी पोचणारा, कुत्रं दिसलं तर गल्ली बदलणारा, नदी लागते म्हणून सासुरवाडीलासुद्धा बायकोला एकटीला पाठवणारा. त्याहून हास्यास्पद नाव सुचलंच नसतं. मास्तर म्हणाले, "वा, शरदराव! याले म्हनतात वाक्य." आणि त्यांनी ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. फळा गल्लीच्या बाजूला होता. शरदचंद्राचा जीव भांड्यात पडला, कुणी आता त्याच्याकडे बघत नव्हतं. घरी जाताना त्याला हलकं वाटलं, बऱ्याच दिवसांनी. त्यानं मुलीसाठी रस्त्यात बोरं घेतली.

ती गंमत होती असं आता साहेबांना सांगायचं? कसं सांगायचं? सर, हे वाक्य व्याकरणाचं आहे. साहेब विचारतील, मग नदीवर सभा झाली हे खरं की तेही व्याकरण? कोण गेलं होतं? तुला काय माहीत? जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून तो बसून राहिला. ज्वारीची भाकरी वाळत चालली, ठेच्यावर माशी बसली. खिडकीतून चंपतराव दिसत होते. पिंपळाखाली नेहमीच्या दगडावर बसून डबा खात होते, मग दोन घास बाजूला काढून खारीला टाकले, मग हात धुऊन पंच्याला पुसला. निवृत्तीला थोडे दिवस उरले होते त्यांचे. इंग्रजी शिकले नव्हते, म्हणायचे, "आता काय शिकाचं शरदराव, आपलं दुकान तर बंद होऊन राह्यलं." शरदचंद्र कचेरीत नवा लागला तेव्हा त्यांनीच त्याला कागदांची मिसल बांधायला शिकवलं होतं, दोऱ्याची गाठ कशी मारायची, लाख कशी लावायची. आता जाऊन सांगावं का, चंपतराव, नाही म्हणा, काही वाचून दाखवलं तरी नाही म्हणा? एवढंच सांगायचं, दोन शब्द. तो उठला, व्हरांड्यापर्यंत गेला. तिथे उद्धवराव दात कोरत उभा होता. शरदचंद्र वळला आणि माठातलं पाणी पिऊन परत जागेवर आला.

चंपतराव साहेबांच्या खोलीत आले ते जोडे बाहेर काढून, टोपी सारखी करून. साहेबांनी मान हलवली. शरदचंद्रानं वाचायला सुरुवात केली आणि त्याला आपलाच आवाज ऐकू आला, स्वच्छ, मास्तरांनी घोटवून घेतलेला, एकही उच्चार न चुकणारा. चंपतराव किंचित वाकून, हात पोटावर बांधून ऐकत होते. ती उभं राहण्याची पद्धत शरदचंद्रानं हजारदा पाहिली होती. चंपतरावांनी सगळा जन्म हेच केलं होतं, फक्त टेबलाच्या ह्या, वाचणाऱ्याच्या बाजूनं. शेतकऱ्याचा जबाब उर्दूत लिहायचा, मग तो त्याला भराभर वाचून दाखवायचा, शेतकऱ्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि वाचून झालं की त्यानं म्हणायचं, जी, दुरुस्त, म्हणजे बरोबर आहे. तसा रिवाज होता. म्हटल्याशिवाय कागद पुरा होत नसे. एखादा शेतकरी गप्प राहिला तर चंपतराव हळूच त्याला सांगायचे, "म्हन बाबा, दुरुस्त म्हन, मंग जा घरी." वाचन संपलं. साहेबांनी विचारलं, "सुना? क्या बोलना है?" शरदचंद्रानं चंपतरावांच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, त्यांनी नजर जमिनीवर ठेवली होती, जशी ठेवायची असते तशी. "जी साहब," ते त्यांच्या त्या बारक्या आवाजात म्हणाले, "दुरुस्त."

साहेबांची लेखणी थांबली. त्यांनाही हे इतकं सोपं होईल असं वाटलं नसावं. त्यांनी परत विचारलं, "ये सच है?" आणि चंपतराव, समोरचा हाकीम प्रसन्न व्हावा म्हणून, किंचित हसून म्हणाले, "जी, बिलकुल दुरुस्त." आता. शरदचंद्राला वाटलं, आता बोलायचं. दातखीळ बसते म्हणतात ती त्याला तेव्हा कळली. जीभ होती, टाळू होता, शब्दही होते, चार भाषांतले होते, आणि एकही बाहेर येईना. मनगटावर, जिथे घड्याळ नव्हतं तिथे, कुणीतरी धरल्यासारखं गार लागत होतं. साहेबांनी घंटी वाजवली. चंपतरावांनी कामावर येऊ नये, चौकशी होईपर्यंत घरी राहावं, असा हुकूम तिथल्या तिथे टाइप झाला. बाहेर आल्यावर चंपतराव जोडे घालता घालता म्हणाले, "उद्या येऊ नका म्हंते साहेब. काऊन बरं? सुट्टी देली का काय मले?" मग शरदचंद्राच्या दंडावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं तुमी वाचलं ते. दुसऱ्या कोनी वाचलं असतं तर मले भेवच वाटलं असतं." आणि छत्री घेऊन निघून गेले. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत शरदचंद्र भिंतीला टेकून उभा राहिला. नोकरी टांगणीला लागल्याचं त्यांना घरी कुणीतरी दुसरा सांगेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

घरी येऊन त्यानं वनमालेला काही सांगितलं नाही. मुलगी तेलुगूतली कविता पाठ करत होती. तो खुर्चीवर बसला आणि बसूनच राहिला. सूर्य मावळायच्या सुमाराला दारात चंपतरावांच्या पत्नी कुसुमबाई उभ्या दिसल्या. त्या कधी कुणाकडे जात नसत. वनमालेनं त्यांना आत घेतलं, चटई टाकली, चहा ठेवला. कुसुमबाई चटईवर बसल्या नाहीत, चौकटीला टेकून उंबऱ्यातच बसल्या. "भाऊजी, उद्धवराव येऊन सांगून गेले सगळं. तवापासून याहिनी पानी बी घेतलं नाही. देव्हाऱ्यासमोर बसून राह्यले, बोलत बी नाही. मी म्हनलं, तुमी गेलते का सभेले? तर माह्या तोंडाकडे पाहतेत. भाऊजी, तुमी तर ओळखता त्याहिले. हे नदीले भेतेत हो!"

"हो वहिनी," शरदचंद्र म्हणाला.

"कागद तुमीच वाचला म्हने. मंग त्याच्यात कोनाचं नाव होतं? कोन म्हनलं?"

"कुणाचं नाव नव्हतं. इंग्रजीत तसं... तसं लिहितात. असं म्हणतात, एवढंच."

कुसुमबाईंना ते पटलं नाही हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं. "असं कसं होईन? कोनी म्हनल्याबिगर कसे म्हनतेत? एकानं तर म्हनलंच असन पहिले." मग त्यांचा आवाज उतरला. "मले भांडन नाही कराचं भाऊजी. दुपारी कबूल केलं म्हनतेत त्याहिनी, आता याहिचं कोन ऐकन? पन ज्यानं म्हनलं त्यानंच जाऊन सांगतलं, का नाही, मी चुकलो, तर ऐकन ना साहेब? तुमी फकस्त नाव सांगा. मी जातो त्याच्या घरी. त्याच्या पाया पडतो, म्हंतो, बाबा, माघारी घे. मानूस असन तर पाझरन. अन् मानूसच नसन," त्यांनी पदर तोंडाला लावला, "तर मंग मी कोनाच्या पाया पडू?"

वनमाला चहाचा कप घेऊन आली आणि तिनं तो कुसुमबाईंसमोर ठेवला. मुलीची कविता थांबली होती. शरदचंद्राला वाटलं, आता ह्या उठतील आणि दारोदार जातील, उद्धवरावाकडे, मास्तरांकडे, त्या फळ्याच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात, आणि प्रत्येक जण म्हणेल, आम्ही नाही बुवा, असं म्हणत होते सगळे. आणि मग फिरत फिरत कधीतरी त्या इथेच येतील. किंवा येणारच नाहीत, आणि आपण सुटू. ते सुटणं त्याला इतकं स्पष्ट दिसलं, कचेरी, पगार, मुलीचं लग्न, पेन्शन, की त्याला त्याचंच भय वाटलं. ह्यापुढे रोज सकाळी आपण पिंपळाखालच्या त्या दगडासमोरून जाणार आणि खार तिथे असणार.

"मी," तो म्हणाला.

कुणालाच कळलं नाही. त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "मी म्हटलं ते, वहिनी. मास्तरांच्या ओसरीवर. गंमत म्हणून. नाही, गंमत म्हणून नाही. सभेला मी गेलो होतो. कुणाला कळू नये म्हणून मी त्यांचं नाव घेतलं." वनमालेचा हात तोंडाशी गेला. तिनं मुलीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, हे सगळं एकदम कळून तिचा चेहरा पांढरा पडला. शरदचंद्र खुर्चीतून उठून उभा राहिला. त्यानं अंग चोरलं होतं. आता ह्या शिव्या देतील, कपाळ बडवतील, आरडाओरडा करून गल्ली गोळा करतील. तसं काहीही झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

कुसुमबाई उंबऱ्यातून उठल्या. चहाचा कप त्यांनी सांडू नये म्हणून भिंतीकडे सरकवला, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि पुढे येऊन त्याच्यासमोर बसल्या. आल्या होत्या तेव्हा जे करीन म्हणाल्या होत्या तेच त्यांनी केलं. दोन्ही हातांनी त्याचे पाय धरले आणि त्यावर डोकं टेकलं. तळवे खरखरीत होते, ऊन होते. "वहिनी, उठा," तो म्हणत होता, "वहिनी, असं नका करू," आणि पाय मागे घ्यायला बघत होता, पण त्यांची पकड सुटत नव्हती. "घ्या ना मंग माघारी," त्या खालूनच म्हणाल्या. रागाचं नावही त्यांच्या आवाजात नव्हतं. "तुमी हाये ना. तुमी तर हाये. जाऊन सांगा, भाऊजी."

साहेब, चौकशी, भिंतीवरचा तो हुकूम, सगळं आता ह्या दारातून आत येणार होतं आणि त्याच्या नावानं हाक मारणार होतं. वनमाला भिंतीपाशी गेली. तिनं खुंटीवरची त्याची कचेरीत जायची टोपी काढली, पदरानं तिच्यावरची धूळ पुसली आणि त्याच्या हातात दिली.